शालनच्या दारातला उंबरा

“आधी हात लाव, मग पाय ठेव. ती आपलं ओझं घेणार आहे की.”

कमलाक्काचा हा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. राजेश्वरी पहिल्यांदा माझ्यावर चढायला आली, तेव्हा पदर खोचून थेट पायच टाकणार होती. कमलाक्काने तिचा दंड धरून तिला थांबवलं. मग राजेश्वरीने मला हात लावला, तो हात कपाळाला टेकवला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेव्हापासून कमलाक्का, राजेश्वरी आणि शालन, या तिघींपैकी कुणीही मला नमस्कार केल्याशिवाय चढलं नाही. माझ्या जातीच्या वस्तूला एवढा मान मिळत नाही. आम्हाला लोक तुडवून वर जातात आणि वर गेल्यावर खाली बघत नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत, कमलाक्काच्या पडवीत भिंतीला टेकून उभी असते. आता थकले आहे. ऊन तापलं की माझे सांधे कुरकुरतात. मधल्या एका पायरीला सुतळी गुंडाळली आहे, म्हणून ती अजून जागेवर आहे. अंगावर इतक्या रंगांचे शिंतोडे आहेत की माझा मूळ रंग कोणता होता, ते मलाच आठवत नाही. पण तुम्हाला ऐकायला वेळ आहे आणि मला कुठे जायचं नाही. म्हणून सांगते.

माझा जन्म टेंभुर्णीचा. तिथे हमरस्त्याच्या कडेला सिदू सुताराचं पत्र्याचं शेड होतं. धोंडिराम नावाचा एक तरुण पेंटर त्याच्याकडे आला. रस्त्यावरच्या धाब्यांच्या भिंतींवर अक्षरं रंगवायचं मोठं काम त्याला मिळालं होतं आणि उसन्या शिड्यांवर चढून तो कंटाळला होता. सिदूने सागाचे दोन उभे दांडे निवडले, बाभळीच्या पायऱ्या तासल्या, आणि मला खाली रुंद, वर निमुळती केली. मग मला भिंतीला लावून तो म्हणाला, “पेंटर, हिच्यावर निजलास तरी पडायचा न्हाईस.” धोंडिराम हसला. खरंच, पुढे कितीतरी वर्षं दुपारची भाकरी त्याने माझ्या वरच्या पायरीवर बसूनच खाल्ली.

ती माझी उमेदीची वर्षं होती. किराणा दुकान, दवाखाना, शाळेची भिंत, चादरीचं दुकान, सगळीकडे धोंडिरामची अक्षरं असत. खाली पोरं मान वर करून उभी राहत आणि तो पुढचं अक्षर कोणतं काढणार, यावर पैजा लावत. तो त्यांना फसवायला मुद्दाम काना आधी काढायचा आणि अक्षर नंतर. लोक म्हणत, पेंटरचा हात देवाने निवांत बसून केलाय. तो हात काम संपल्यावर माझ्या दांड्यावरून फिरायचा आणि मग मला सायकलला बांधायचा. शाबासकी म्हणतात ती मला अशीच मिळत गेली.

मग फ्लेक्स आले. दुकानदार सकाळी सांगायचा आणि संध्याकाळी त्याच्या दारावर चकचकीत पाटी लागायची, फोटोसकट. धोंडिरामला कुणी नको म्हटलं नाही, फक्त बोलवायचं बंद झालं. तो एका गोदामावर रखवालदार म्हणून जाऊ लागला. सोलापुरात बुधवार पेठेतल्या त्याच्या घरामागे मी आडवी पडून राहिले. माझ्यावर कपडे वाळले, कोंबड्या बसल्या, एका पावसाळ्यात तर कारल्याचा वेल चढला. मला वाटलं, झालं आता. पुढच्या थंडीत चुलीत जाणार.

पण माझ्या नशिबात अजून तीन बायका होत्या.

धोंडिरामची बायको शालन, बाळीवेशीतली कमलम्मा आणि किराणा दुकानाच्या घरातली राजेश्वरी. यांची ओळख शाळेच्या फाटकात झाली होती. तिघींच्या मुली एका वर्गात होत्या आणि मुली सुटेपर्यंत या तिघी कडुलिंबाच्या सावलीत उभ्या राहत. मुली मोठ्या झाल्या, आपापल्या वाटेला गेल्या. सावलीतली ती गोष्ट मात्र संपली नाही. कमलम्मा वयाने मोठी, म्हणून तिला सगळ्या कमलाक्का म्हणत. अक्कलकोटच्या बाजूचं माहेर, बोलण्यात कानडी हेल. तिचा नेम कडक होता. पहाटे उठून दाराचा उंबरा धुवायचा, रांगोळी काढायची, हळदीकुंकू वाहायचं, मग आंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा. पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. शालनच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. तीही पौर्णिमेला पांढरी साडी नेसून उपास करायची. पुढे तिघी मिळून कामाला लागल्या, तेव्हा कमलाक्काची पूजा व्हायची असली तर शालन आपलाही चहा झाकून ठेवायची. पौर्णिमेला कमलाक्का शालनसमोर शेंगांचा डबासुद्धा उघडत नसे. एकीने दुसरीला तुझं खरं की माझं, असं कधी विचारलं नाही.

कमलाक्काच्या मुलीचं, सिद्धेश्वरीचं लग्न ठरलं आणि रंगाऱ्याने ऐनवेळी दगा दिला. हो म्हणून गेलेला माणूस पुन्हा फिरकलाच नाही. तेव्हा शालन म्हणाली, आमच्यात शिडी पडलीय, मालक खाली हुबं राहून सांगतील, आपणच रंगवू की. धोंडिरामने माझ्यावरचा वेल सोडवला, मला पुसलं, सैल पायऱ्या ठोकून दिल्या. मी पुन्हा उभी राहिले.

तिघींनी ते घर रंगवलं. मग त्यांना त्याची गोडीच लागली. गल्लीतल्या बायकांची पैशांची भिशी असते, तशी यांनी घरांची भिशी सुरू केली. दर उन्हाळ्यात चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिच्या घराचं काम. तिघींनी मिळून राबायचं, जेवण त्या घरचं. हळूहळू नात्यागोत्यातल्या, ओळखीच्या बायकाही येऊन मिळाल्या. त्या भिंती खरवडायला शिकल्या, भेगांत लांबी भरायला शिकल्या, फरशीचे सांधे भरायला शिकल्या. अवघड कामाला बिरुदेव गवंडी येई. गल्लीतले पुरुष कट्ट्यावर बसून त्यांना ‘गिलावा मंडळ’ म्हणत. राजेश्वरी त्यांना म्हणायची, “या की तुमीपण. माल कालवायला बैल कमी पडतायत.”

राजेश्वरीच्या स्वयंपाकघराची तर गंमतच झाली. छापील पट्टीवर लिंबाच्या फोडीसारखा दिसणारा रंग भिंतीवर अगदी हळदीसारखा उठला. तिच्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “भिंतीला हळद लागली, नवरा कुठल्या गावचा?” राजेश्वरी रडकुंडीला आली होती, कमलाक्का हसू दाबत होती, आणि शालन माझ्यावर बसून इतकी हसली की मी हलू लागले. तो रंग अजून तसाच आहे.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. शालनच्या नावाची चिठ्ठी निघाली की ती दुसरीला देऊन टाकायची. एकदा सिद्धेश्वरी बाळंतपणाला येणार होती, म्हणून कमलाक्काला दिली. एकदा राजेश्वरीच्या नणंदेचं छत गळत होतं, म्हणून तिला दिली. माझं काय, राहू द्या मागं, असं म्हणायची. तिच्या घराच्या भिंतींचे पोपडे मी रोज बघत होते. इतरांची घरं उजळत गेली, शालनचं तसंच राहिलं.

आणि मग धोंडिरामला झटका आला. त्याचं उजवं अंग गेलं. कुंचल्याचा हात खाली लोंबू लागला आणि उजवा पाय ओढत चालायची पाळी आली. बोलणं जड झालं. जो माणूस माझ्या सगळ्या पायऱ्या एका दमात चढायचा, तो आता खाटेवरून दारापर्यंत जाताना दोनदा थांबायचा.

पण दारापर्यंत जायचा खरा. त्या घराचा उंबरा लाकडी होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी मधोमध झिजून खोलगट झालेला. शालनचा हात धरून धोंडिराम तो पाय त्या खोलगटीतून ओढून बाहेर काढायचा. बाहेर कडुलिंबाखाली त्याची खुर्ची असे. संध्याकाळी रस्त्याने जाणारे येणारे हाक मारत, काय पेंटर, बरं हाय का. शाळेतून येणारी पोरं त्याच्यापुढे थांबत आणि तो डाव्या हाताने काठी धरून मातीत अक्षरं काढून दाखवायचा. वाकडी यायची. पोरं तरीही ओळखायची. त्या तासाभरासाठी तो सकाळी दाढी करून घ्यायचा. बाकीचा दिवस तो त्या तासाची वाट बघायचा. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या एका तासाचं आहे.

त्या वर्षी कमलाक्काने चिठ्ठ्या काढूच दिल्या नाहीत. औंदा शालनचं घर, बास, असं तिने सांगून टाकलं. ती स्वतः धोंडिरामला भेटायला आली. त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि म्हणाली, “भावजी, घर असं करून देते की तुम्हाला सुखाने आतबाहेर करता येईल. माझा शब्द आहे.” धोंडिरामने डावा हात छातीशी नेला.

शालन आणि धोंडिराम मग केम गावी गेले. त्यांची लेक बुद्धप्रिया तिथल्या शाळेत शिकवते. धुळीत आजारी माणूस नको, काम झालं की या, असं ठरलं. घराची किल्ली कमलाक्काकडे राहिली.

त्या उन्हाळ्यासारखं मी कधी राबले नाही आणि त्या दोघीही राबल्या नाहीत. कमलाक्काचे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते. माझ्यावरून उतरताना ती प्रत्येक पायरीवर दम खायची, तोंडाने शिवाचं नाव घ्यायची. राजेश्वरी म्हणायची, अक्का, तुम्ही खाली बसा, मी करते. कमलाक्का ऐकत नसे. शालनने दोनदा आपली पाळी दिली, हे ऋण तिच्या मनात होतं. पोपडे पडलेल्या भिंती गुळगुळीत झाल्या, पत्र्याखाली छत आलं, मोरीला फरशी लागली आणि धोंडिरामला धरून उभं राहता यावं म्हणून भिंतीत दांडाही बसला. बघा, त्यांनी सगळ्याचा विचार केला होता.

मग गवंड्याने दाराची जुनी चौकट काढली. उंबरा वाळवीने आतून पोखरला होता, हात लावला तर भुगाच झाला.

बिरुदेवने विचारलं, नवा बसवायचा की सपाटच ठेवायचं? राजेश्वरी म्हणाली, सपाट ठेवू, त्यांच्यात कुठे उंबरा पूजतात. कमलाक्काला ते पटलं नाही. “पूजू दे, नको पूजू दे. बिनउंबऱ्याचं घर म्हणजे एसटी स्टँड. कुणीही यावं, कुणीही जावं.”

दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून एक काळा दगड आला. लांब, घोटीव, दोन्ही टोकांना कमळं कोरलेला. राजेश्वरीने तो ओळखला. तो कमलाक्काच्या माहेरच्या दाराचा दगड होता. भावाने, चन्नप्पाने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा कमलाक्काने माहेराहून दुसरं काही मागितलं नव्हतं. तो दगड परसात तुळशीपाशी ठेवलेला असायचा. कधीतरी आपल्या मागच्या दाराला बसवायचा, असं तिच्या मनात होतं. रोज ती त्यावर फूल ठेवायची. तिच्याजवळ जे सगळ्यांत मोलाचं होतं ते तिने शालनच्या दाराला दिलं.

बिरुदेवने उंची विचारली. कमलाक्काने पंजा आडवा धरून दाखवला. चांगला उठून दिसला पाहिजे, म्हणाली.

मी समोरच्या भिंतीला टेकून हे बघत होते. तिला सुचलं नाही, याचा मला राग येत नाही. जी बाई जन्मभर पहाटे उठून उंबऱ्याला हात जोडते, तिला उंबरा आडवा येऊ शकतो, हे कसं सुचणार? तिच्या लेखी तो देव होता. देव कुणाची वाट अडवत नाही.

घर पाहायला शालन आली तेव्हा बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. शेजारच्या बायका जमल्या होत्या. कमलाक्काने त्या दगडाला हळदीकुंकू वाहिलं. शालनने दगडावरची कमळं पाहिली आणि ती तिथेच थांबली. तिने तो दगड कमलाक्काच्या परसात किती वेळा पाहिला होता. ती कमलाक्काच्या गळ्यात पडली. त्या गडबडीत धोंडिरामला दोघा शेजाऱ्यांनी खांद्याला धरून उचलून आत नेलं. तो आत कसा आला हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धोंडिराम दाढी करून निघाला. दारात आला, शालनचा हात धरला, आणि पाय ओढला. पाय दगडाला लागून थांबला. त्याने पुन्हा ओढला. शालनने खाली बसून दोन्ही हातांनी त्याचा पाय उचलला आणि पलीकडे ठेवला. त्याचा सगळा भार तिच्या पाठीवर आला. परत येताना तेच.

असं काही दिवस चाललं. शालनची पाठ धरली. एका संध्याकाळी ती पाय उचलत असताना धोंडिरामचा तोल गेला आणि तो कमळावर आदळला. भुवईपाशी खोक पडली, रक्त आलं. शालन जखमेवर पदर दाबून बसली होती आणि तो तिच्याकडे बघत होता. मग एकेक शब्द शोधून तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे, शालन. आत बी बरं हाय.”

त्यानंतर तो बाहेर आला नाही. दाढी करायची सोडली. लिंबाखालची खुर्ची शालनने आत घेतली. रस्त्यावरून काही दिवस हाका आल्या. मग लोकांना वाटलं, पेंटर आता अंथरुणाला खिळला. हाकाही थांबल्या. पोरं दुसऱ्या बाजूने जाऊ लागली. मी पावसाळाभर त्याच भिंतीला टेकून होते. नव्या कोऱ्या घराच्या आत एक माणूस नव्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलेला मला दारातून दिसायचा. मित्रांनो, मी खूप वजनं उचलली आहेत. ते बघणं सगळ्यांत जड होतं.

कमलाक्का त्या दिवसांत आली नाही. गुडघ्यांनी तिला घराबाहेर पडू दिलं नाही. फोनवर ती विचारायची, भावजी बसतात ना बाहेर? शालन म्हणायची, ऊन लागतंय त्यास्नी. पाऊस आल्यावर म्हणायची, चिखल झालाय.

दिवाळीनंतर राजेश्वरी मला न्यायला आली. कमलाक्काच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. तिने आत डोकावून नेहमीसारखं चेष्टेनं विचारलं, “काय भावजी, नव्या घरात इतके रमला, की लिंबाला विसरला?” धोंडिरामने मान फिरवली. राजेश्वरीने त्याच्या भुवईवरचा व्रण पाहिला. मग तिने दाराकडे पाहिलं. बराच वेळ ती त्या दगडाकडे बघत राहिली.

शालनने तिला मोरीपाशी नेलं. आवाज खाली घेऊन म्हणाली, “अक्काच्या म्हायेरचा दगुड हाय त्यो. परसात ठिवून फुलं वाहिली तिनं त्याला. काढा म्हनू कुठल्या तोंडानं? तिला सांगितलंस तर माजी आन हाय तुला.”

“आणि भावजी?”

“त्यांचं मी बघंन.”

राजेश्वरीच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं. त्या दिवशी मला टेम्पोत टाकून बाळीवेशीत येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. कमलाक्काने हालहवाल विचारली, तर रंग चांगला टिकलाय म्हणाली आणि घरी गेली.

मित्रांनो, कुणाला काही द्यायचं झालं की आपण आपल्याला जे प्रिय असतं ते देतो. त्यात वाईट काही नाही. पण घर नीट करायला जाल, तेव्हा आधी त्या घरातलं सर्वांत थकलेलं माणूस कोण, ते बघा. ते कुठून कुठे चालतं, कुठे थांबतं, कशाला धरतं, हे एक दिवस शांत बसून बघा. रंग कोणता, हे मग विचारा. आणि तुमच्यावर कुणी फार प्रेमाने चूक केली, तर ती पोटात घालून आपलं माणूस भिंतीकडे तोंड करून बसवू नका. बोला. रागावलं तर रागावलं. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

आता कालच्या सोमवारचं सांगते, म्हणजे मी मोकळी झाले.

पहाटे कमलाक्काने नेहमीप्रमाणे उंबरा धुतला, रांगोळी काढली, हळदीकुंकू वाहिलं. तिची पूजा झाली. गुडघे जरा बरे वाटत होते, म्हणून बऱ्याच दिवसांनी ती राजेश्वरीबरोबर सिद्धेश्वराच्या देवळात जाणार होती. फुलांची पिशवी घेऊन ती दारात आली आणि पाय उचलू लागली. पाय उचलला गेला नाही.

तिने चौकट धरली. दुसरा पाय करून पाहिला. गुडघा वाकत नव्हता. आतून सून म्हणाली, सासूबाई, थांबा, येते. कमलाक्का म्हणाली, नको, तुझी पोळी करपेल. ती तशीच चौकट धरून उभी राहिली. तिने त्याच उंबऱ्याकडे पाहिलं, ज्यावर तिनेच वाहिलेलं कुंकू अजून ओलं होतं. मग हळूहळू ती खाली बसली. उंबऱ्यावरच बसली. उंबऱ्यावर बसू नये म्हणून तिने जन्मभर किती मुलींना दटावलं असेल.

राजेश्वरी आली तेव्हा ती तिथेच होती.

“काय झालं अक्का?”

“राजी, भावजी बाहेर बसतात का गं, लिंबाखाली?”

राजेश्वरी रांगोळीकडे बघू लागली.

“मी काय विचारते?”

“मला शालनची आण आहे अक्का.”

कमलाक्काने डोळे मिटले. तिने पुढे काही विचारलं नाही. खरं तर राजेश्वरीने काही सांगितलंही नव्हतं. गल्लीत कुठेतरी झाडू फिरत होता. कमलाक्का स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “मी शब्द दिला होता त्यांना. आतबाहेर सुखाने कराल म्हणून.”

राजेश्वरी म्हणाली, मी बिरुदेवला फोन करते, तो दुपारपर्यंत काढून टाकेल, तुम्ही पडून राहा. कमलाक्काने मान हलवली. बिरुदेवला बसवायला मी सांगितला, म्हणाली, काढायला मी जाते. राजेश्वरीने दगडाचं काय करायचं विचारलं. कमलाक्का म्हणाली, त्याचं काय, येईल परत परसात, त्याला तिथली सवय आहे. बोलताना तिने पदराने तोंड पुसलं. पूजेचं पाणी असेल.

शालन रागवेल, असंही राजेश्वरी म्हणाली. मी आण मोडली, असं तिला वाटेल.

“तू कुठे मोडलीस? मला गुडघ्यानं सांगितलं.”

मग ती राजेश्वरीच्या खांद्याला धरून उठली. फुलांची पिशवी तिने भिंतीतल्या देवळीत ठेवली. देव काय, संध्याकाळीही तिथेच आहे, असं म्हणाली. माझ्याच पायाशी अवजारांची पाटी असते. तिने त्यातून छिन्नी आणि हातोडा घेतला, फडक्यात गुंडाळला आणि कापडी पिशवीत घातला. राजेश्वरीने पिशवी मागितली, ती तिने दिली नाही. तेवढं मात्र केलं, की राजेश्वरीला आपला पाय धरायला सांगितला. राजेश्वरीने खाली बसून तो दोन्ही हातांनी उचलला आणि उंबऱ्यापलीकडे ठेवला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

मला कुणी बरोबर नेलं नाही. उंबरा काढायला शिडी लागत नाही.

पडवीच्या जाळीतून मला गल्ली कोपऱ्यापर्यंत दिसते. राजेश्वरी रिक्षा बघायला पुढे गेली होती. कमलाक्का एका हातात पिशवी घेऊन, दुसऱ्या हाताने लोकांच्या भिंती धरत, बुधवार पेठेच्या दिशेने सावकाश चालत होती.